कुकरमधली शिपी आमटी

शिपी आमटी म्हणजे तीन-चार डाळी एकत्र शिजवून केलेली दाट, झणझणीत आमटी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेला जामखेड-कर्जतकडे आणि त्याला लागून असलेल्या करमाळा-परांडा पट्ट्यात ती घरी होते आणि खानावळींतही मिळते. चपाती किंवा भाकरी ताटात बारीक कुस्करायची, वर गरम आमटी ओतायची, सोबत कांदा आणि लिंबाची फोड. थंडीत स्वीडन आणि हॉलंडमध्ये वाटाण्याच्या डाळीचे जे घट्ट सूप करतात, त्याची ही दूरची भावकी म्हणता येईल. तिथे दाटपणा डाळीचा आणि चव बहुधा डुकराच्या मांसाची असते. इथे दाटपणा डाळीचाच, चव मात्र भाजलेल्या खोबऱ्याची आणि काळ्या मसाल्याची. डाळ पूर्ण विरघळली नाही तर दोन्ही पदार्थ फसतात, आणि डाळ विरघळवण्याचे काम आज बहुतेक घरांत प्रेशर कुकरकडे असते.

डाळींचे प्रमाण घरागणिक बदलते. चार-पाच माणसांसाठी अर्धी वाटी तूर, आणि हरभरा, मसूर, मूग प्रत्येकी पाव वाटी हा हिशेब चालतो. तूर चव देते, हरभरा अंग देतो, मसूर आणि मूग चटकन विरघळून सगळ्याला एकजीव करतात. कोणी मूठभर उडीद घालतात, पण उडीद जास्त झाला तर आमटी बुळबुळीत होते. यात वाटाण्याची पिवळी डाळही खपून जाते. पारनेर तालुक्यात पावसाळ्यात वाटाणा पिकतो खरा, पण तो हिरव्या शेंगांचा, थेट भाजीबाजारात जाणारा. डाळीचा आणि रगड्याचा सुका वाटाणा मुख्यतः कॅनडा आणि रशियातून येतो. सरकारने नोव्हेंबर 2017मध्ये त्यावर 50 टक्के आयात शुल्क लावले होते, आणि डिसेंबर 2023मध्ये तो शुल्कमुक्त केला होता. तो स्वस्त झाला की हरभऱ्याच्या जागी, अगदी बेसनातही, त्याचा शिरकाव होतो. शिजायला तो हरभरा डाळीसारखाच चिवट, म्हणून या दोन्ही डाळी तासभर आधी भिजत घालाव्या लागतात. तुरीला अर्धा तास पुरतो. मूग-मसूर नुसते धुऊन घेतले तरी भागते.

हरभरा हे मात्र याच मातीतले पीक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना 1968) विजय, विशाल, दिग्विजय, फुले विक्रम हे वाण दिले. यातला विजय मर रोगाला तोंड देणारा म्हणून शेतकऱ्यांत रुजला, तर फुले विक्रमची झाडे उंच वाढत असल्याने तो यंत्राने काढता येतो. वाण कोणताही असो, यंदाची डाळ आणि दोन वर्षे डब्यात पडलेली डाळ यांच्या शिजण्यात फरक पडतोच. उष्ण आणि दमट जागी साठवलेल्या डाळीत पेशींना जोडणारा पदार्थ घट्ट होत जातो. अशी डाळ तासन्‌तास शिजवली तरी तिची कणी राहते.

डाळ शिजते म्हणजे दोन गोष्टी घडतात. आतले पीठ पाणी पिऊन फुगते, आणि पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळते. पहिली गोष्ट उकळीच्या बऱ्याच खाली उरकते. अडते ते दुसऱ्या गोष्टीपाशी. पेक्टिनला उष्णता लागते, आणि पाण्यातला कॅल्शियम त्याला बांधून ठेवतो. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच. कुकरच्या आतल्या भिंतीवर बसणारा पांढरा थर आणि डब्याखालच्या पाण्याने काळे पडणारे ॲल्युमिनियम हीसुद्धा याच पाण्याची करणी. काळे पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात चिंचेचे बोटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकण्याची रीत आहे, ती बरोबर आहे. तीच चिंच डाळीत मात्र शिजण्याआधी पडता कामा नये, कारण आंबटाने पेक्टिन आणखी घट्ट होते. टोमॅटोचेही तसेच. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने डाळ झटकन मऊ होते, पण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. त्यापेक्षा डाळ शिजवण्यापुरते पिण्याचे फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरणे बरे. मीठ आधी घातल्याने डाळ शिजत नाही, हा समज मात्र निराधार आहे.

उष्णतेचे गणित उंचीवर अवलंबून असते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच, तिथे पाणी 98 अंश सेल्सिअसच्या जरा खालीच उकळते. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या माथ्यावर (1646 मीटर) ते 94-95 अंशांवर उकळेल. उघड्या पातेल्यात कितीही जाळ घातला तरी तापमान याच्या वर जात नाही. कुकरच्या झाकणात वाफ कोंडली जाते आणि शिट्टीचे वजन तिला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका जादा दाब येईपर्यंत अडवते. त्या दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास जाते. पातेल्यात पाऊण ते एक तास खाणारी हरभरा डाळ मग दहा-बारा मिनिटांत बोटाने चिरडण्याइतकी होते. हे तत्त्व जुनेच. फ्रान्समध्ये जन्मलेल्या देनी पापँने 1679मध्ये लंडनमध्ये असे भांडे दाखवले होते, आणि पुढे त्याला जादा वाफ सोडणारी झडपही बसवली. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर 1959मध्ये आले.

‘तीन शिट्ट्या काढ’ ही सूचना पाककृतींत सर्रास असते, पण शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. शिट्टी होते म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचून जादा वाफ निसटते. मोठ्या आचेवर तीन मिनिटांत चार शिट्ट्या होतील, मंद आचेवर दहा मिनिटांत एकही होणार नाही. आतले तापमान दोन्हीकडे जवळपास सारखेच, आणि डाळ दुसऱ्या प्रकारातच नीट शिजते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी आणि घड्याळ लावावे. शिपी आमटीच्या डाळींना दहा ते बारा मिनिटे लागतात. गॅसही कमी जळतो.

डाळ थेट कुकरमध्ये शिजवायची तर सव्वा वाटी डाळीला साधारण चार वाट्या पाणी. डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. डाळींना फेस फार येतो, वाटाण्याच्या डाळीला तर विशेष, आणि तो फेस सालपटे घेऊन वाफेच्या बारीक नळीत शिरतो. नळी चोंदली की शिट्टी होत नाही, आत दाब वाढत राहतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडतो. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहणे आणि झाकणाची रिंग कडक झाली असेल तर बदलणे, एवढी काळजी पुरते. डाळीत चमचाभर तेल टाकल्याने फेस दबतो. हळद-हिंग त्याच वेळी घालतात. डब्यांचा कुकर लावला, खाली डाळ आणि वर भात, तर फेस डब्यातच राहतो आणि पाणीही दुप्पट-अडीचपट पुरते. मात्र डब्यातली डाळ तापायला वेळ घेते, तेव्हा चार-पाच मिनिटे जास्त द्यावीत. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई करू नये, नाहीतर फेसाळलेली डाळ नळीतून उडते आणि ओटा पिवळा होतो. वाफ आपसूक जिरायला लागणाऱ्या पाव तासात उरलेली कणीही शिजून जाते.

इथे कुकरचे काम संपते. मसाला, चिंच, मीठ सगळे एकदम कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढण्याची पद्धत आता फोफावली आहे, पण तिने होते ते मसालेदार वरण. आमटी बाहेरच होते. डाळ गरम असतानाच रवीने घोटून घ्यावी. तुरीचा दाणा अखंड दिसता कामा नये, हरभऱ्याचे चार-दोन दिसले तर चालतात. दोन कांदे जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे, अर्धी वाटी सुके खोबरे किसून तांबूस करायचे, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, आले आणि कोथिंबिरीच्या काड्यांसह मऊ वाटायचे. पळीभर तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी, त्यात हे वाटण. वाटण परतताना आधी कच्च्या लसणाचा वास येतो, मग तो गोडसर होतो, आणि कडेला तेल सुटू लागले की दोन चमचे काळा मसाला आणि तिखट घालायचे. मसाला करपायच्या आत घोटलेली डाळ ओतायची, मग आधणाचे पाणी. गार पाण्याने तवंग बसतो आणि आमटी फिकी दिसते. शेवटी मीठ आणि चिंचेचा कोळ घालून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे खळखळ उकळू द्यायची.

हाच पदार्थ हजारोंसाठी करायचा तर कुकर उपयोगी नाही. श्रीरामपूरजवळच्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहात आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. भाकरी गावोगावहून येतात आणि आमटी मोठमोठ्या कढयांत चुलवणावर रटरटते. तिथे दाबाची जागा वेळ घेतो. शिर्डीच्या साई प्रसादालयात तिसरा मार्ग आहे. 2009मध्ये तिथे छतावर 73 सौर तबकड्यांची यंत्रणा बसवली गेली. त्यांनी उन्हात तयार केलेली वाफ नळ्यांतून स्वयंपाकघरात येते आणि डाळ-भात शिजवते.

पोषणाच्या बाजूने डाळ आणि भाकरीची जोडी पक्की आहे. सुक्या डाळींत वजनाच्या 22 ते 25 टक्के प्रथिने असतात. त्यांत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. ज्वारी-बाजरीत नेमके उलटे.

उरलेली शिपी आमटी दुसऱ्या दिवशी पिठल्यासारखी आळते, कारण फुगलेले पीठ गार होताना घट्ट बसते. तिच्यात उकळते पाणी घालून पुन्हा एक सणसणीत उकळी काढली की ती पूर्ववत होते, आणि पुष्कळांना ती आदल्या दिवसापेक्षा जास्त आवडते. नगरच्या उन्हाळ्यात मात्र ती रात्रभर ओट्यावर ठेवली तर सकाळी आंबलेली असते. फ्रिज नसेल तर झोपण्यापूर्वी उकळून ठेवलेली आमटीही न्याहारीलाच संपवावी.