जमीन गेली, पैसा आला, पुढे काय?

पदव्युत्तर वर्गात गुंतवणूक-विश्लेषण शिकवीत असताना गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मला निरुत्तर केले. मुलगा मुळशी तालुक्यातला, महाळुंग्याच्या बाजूचा. "सर, आमच्या जमिनीचे पैसे आले. चुलत्यांनी आपला वाटा शेजारच्याच भूखंडात घातला, वडिलांनी सगळा बँकेत ठेवला. तुमच्या सूत्राप्रमाणे बरोबर कोण?" फळ्यावरील सूत्र निर्दोष होते, पण ते या घरापर्यंत कसे न्यावे, हे आमच्या अभ्यासक्रमात कोठेच नव्हते.

मुळेकाठच्या महाळुंग्याने एका पिढीत जे पाहिले, ते इतरत्र शतकात घडत नाही. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीच्या शिवेवर क्रीडासंकुल उभे राहिले, शेजारी हिंजवडीत संगणक-उद्योग आला आणि 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेले. याच मुळशीत 1921 साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी तो पुढे नेला. तेव्हाचा प्रश्न जमीन द्यावी की नाही, हा होता. आज ज्यांची जमीन गेली, त्यांच्यापुढे हाती आलेल्या पैशाचे काय करावे, हा प्रश्न आहे आणि तोही तितकाच जीवनमरणाचा आहे.

हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली मांडलेला विचार मुळात साधा आहे. एखादी गुंतवणूक एकटी किती धोक्याची, एवढेच पाहून भागत नाही. ती इतर गुंतवणुकींबरोबर कशी हलते, हे पाहावे लागते. प्रत्येकी 20 टक्के चढउतार असलेल्या दोन मालमत्तांत निम्मे-निम्मे पैसे घातले आणि त्यांचा परस्परांशी संबंध नसला, तर एकूण चढउतार सुमारे 14 टक्क्यांवर येतो. दोन्ही एकाच तालावर हलत असल्या, तर तो 20 टक्केच राहतो. या कार्यासाठी त्यांना 1990 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता चुलत्यांकडे पाहू. त्यांचे घर, उरलेली जमीन आणि भाड्याच्या खोल्या आधीच त्या एका परिसराच्या भरभराटीवर अवलंबून आहेत. शेजारचा भूखंड घेऊन त्यांनी जोखीम वाटली नाही, वाढवली. वडिलांची रक्कम सुरक्षित आहे, पण आकड्यापुरतीच. महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली, तर 12 वर्षांत रुपयाची क्रयशक्ती निम्मी होते आणि ठेवीच्या व्याजातील मोठा भाग ही झीज भरून काढण्यातच जातो. तेव्हा दोघेही अर्धवट बरोबर. खरा निर्णय घराला पैसा केव्हा लागणार आणि अन्य उत्पन्न कोणते, यावर ठरतो.

अशा शिक्षणाने तरुण सट्ट्याकडे वळतील, अशी भीती काही सहकारी व्यक्त करतात. ती निराधार नाही. सेबीने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. पण अज्ञानाने माणूस सट्ट्यापासून दूर राहतो, असे या आकड्यावरून म्हणता येईल काय? सावध माणसेही सुटत नाहीत. युनिट ट्रस्टच्या यूएस-64 योजनेत असंख्य शिक्षक-कारकुनांनी निःशंकपणे पैसे ठेवले होते. जुलै 2001 मध्ये तिची पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. शास्त्रालाही मर्यादा आहेतच. ते मागील आकड्यांवर चालते आणि 2008 सारख्या संकटात परस्परांशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या मालमत्ताही एकदम कोसळतात. हेही वर्गात सांगितले पाहिजे.

म्हणून माझी सूचना एवढीच की, या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या कुटुंबाची गुंतवणूक-योजना मराठीत लिहावी आणि तिला परीक्षेत गुण असावेत. सल्लागाराची नोंदणी कशी तपासावी, दलालीचा भार किती पडतो, योजनेच्या कागदपत्रांत काय वाचावे, हे तिच्यात आपोआप येईल. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ही संधी मिळावी. जमिनीचा पैसा काही वाणिज्य शाखा पाहून घरात येत नाही.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात घरचा सारा हिशेब वहीत मांडून आणला. वडील आणि चुलते प्रथमच त्यासाठी एकत्र बसले होते. निर्णय त्यांचा, पण तो हिशेब करण्याची दृष्टी विद्यापीठाने द्यावी, ही अपेक्षा अवाजवी खासच नाही.