चेंडूला न लागणारा फटका



2021 सालच्या ऑगस्ट महिन्यात, 7 तारखेला सकाळी, आपल्या देशातल्या पुष्कळ घरांत एक नवलाची गोष्ट घडली. ज्यांनी गोल्फ हा खेळ जन्मात पाहिला नव्हता अशी मंडळी दूरचित्रवाणीपुढे बसून गोल्फ पाहत होती. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगलोरची अदिती अशोक पदकाच्या अगदी दाराशी येऊन उभी होती. शेवटी ती चौथी आली. तिच्या पुढच्या दोघींपेक्षा तिला फक्त एक फटका जास्त लागला.

त्या दिवशी खेळ समजून घेताना अनेकांना एक शंका आली असेल. खेळाडू चेंडूशेजारी येतो, उभा राहतो, काठी मागे नेतो, जोराने पुढे फिरवतो आणि चेंडू जागच्या जागीच! नेम चुकला म्हणावे, तर खेळाडूच्या चेहऱ्यावर ना खंत ना खेद. पुन्हा तेच करतो, आणि मग कुठे खरा फटका मारतो. हा काय प्रकार आहे?

खेळाडू याला ‘प्रॅक्टिस स्विंग’ म्हणतात. आपण त्याला सरावाचा झोका म्हणू. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही रंगीत तालीम होय. फरक इतकाच, की नाटकाची तालीम आदल्या रात्री होते आणि ही खेळाच्या ऐन पाच-दहा सेकंद आधी.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. शंभर-दीडशे एकरांच्या हिरव्या रानात अठरा ठिकाणी खळगे केलेले असतात. एकेका खळग्याचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडा जास्त. चेंडू लहान आणि कठीण असतो. त्याचा व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी असून चालत नाही, आणि वजन 45.93 ग्रॅमहून जास्त असून चालत नाही. तीनचारशे मीटरांवरून तो काठीने मारत मारत खळग्यात घालायचा. अठरा खळगे सगळ्यांत कमी फटक्यांत जो पुरे करील तो जिंकला. काठ्या मात्र एक नव्हे, चौदापर्यंत बाळगता येतात. खेळ मूळचा स्कॉटलंडचा, पण आपल्याकडेही तो आजकालचा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 सालचा असून ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो. तो कधी येणार हे गोलंदाज ठरवतो, आणि फलंदाजाला विचार करायला सवडच नसते. डोळा पाहतो आणि हात चालतो. गोल्फचा चेंडू बिचारा गवतात पडून वाट पाहत असतो. आता मार, मग मार, कधीही मार. सगळी अडचण येथेच आहे. सवड मिळाली की माणसाच्या मनात नाना शंका येतात. उजवीकडे तळे आहे, डावीकडे झाडी आहे, कालचा फटका वाकडा गेला होता, मागे चार माणसे पाहत आहेत, हे सगळे तेव्हाच आठवते.

आणि एकदा काठी हलली की दुरुस्तीला वाव नाही. काठी मागे नेऊन चेंडूपर्यंत आणायला सगळा मिळून साधारण एक सेकंद लागतो, आणि त्यातला खाली येण्याचा भाग पाव सेकंदाच्या आसपास असतो. पट्टीच्या खेळाडूच्या लांब काठीचे टोक तेव्हा ताशी 180 किलोमीटरच्या घरात धावत असते. काठी आणि चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. एवढ्या वेळात डोळ्याची पापणीदेखील लवत नाही. म्हणजे जे काही ठरवायचे ते आधीच ठरवून ठेवले पाहिजे. लाकूड फोडणारा गडी कुऱ्हाडीचे पाते आधी ओंडक्याला हलकेच टेकवून पाहतो आणि मग कुऱ्हाड डोक्यावर नेतो. त्याला कुणी शास्त्र शिकवलेले नसते, पण हिशोब तोच.

मग सरावाच्या झोक्यात खेळाडूला नेमके काय कळते? पहिली गोष्ट म्हणजे गवत. चेंडू दाट, ओल्या गवतात रुतला असेल तर गवताची पाती काठीला वेटोळे घालतात आणि तिचे तोंड फिरवतात. शेजारच्या तशाच गवतात एकदा काठी फिरवली की ते किती अडवणार याचा अंदाज मनगटाला मिळतो. गवत कापताना विळा कुठे अडतो हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे काठीचा फेरा जमिनीला कुठे लागतो ती जागा. सपाट मैदानावर ती एके ठिकाणी असते, चढावर वेगळी, उतारावर आणखी वेगळी. ती जागा बोटभर मागे पडली तर काठी चेंडूऐवजी माती उकरते आणि चेंडू चार पावलांवर जाऊन बसतो. तिसरी गोष्ट अंतराची. दोनशे मीटरांसाठी ताकद लावायची असते, पण वीस मीटरांवर चेंडू अलगद टाकायचा तर हात किती मागे न्यायचा? त्याचे कोष्टक कागदावर करता येत नाही. खेळाडू खळग्याकडे पाहत दोनतीनदा काठी हलवतो आणि हाताला ते माप सापडते. खळग्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर, जिथे चेंडू नुसता ढकलायचा असतो, तिथे हा उपयोग सर्वांत मोठा.

सगळेच खेळाडू पूर्ण झोका घेतात असे नाही. काही जण चेंडूच्या मागे काठी नुसती पुढेमागे हलवतात. बेन होगन हा अमेरिकेतला फार मोठा खेळाडू. 1949 साली त्याच्या मोटारीची बसशी टक्कर झाली, तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, आणि 1950 साली त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. या होगनने 1957 साली लिहिलेल्या पुस्तकात या हालचालीवर बराच मजकूर खर्च केला आहे. त्याचे म्हणणे असे, की ही नुसती चुळबुळ नव्हे, पुढच्या फटक्याची ती छोटी तालीम आहे. म्हणून प्रत्येक फटक्याला ती निराळी हवी. जॅक निकलस हा त्याच्या नंतरचा. त्याने 1974 सालच्या पुस्तकात लिहिले, की फटक्याआधी मी मनात चित्रपट पाहतो. आधी चेंडू जाऊन पडलेला दिसतो, मग त्याचा मार्ग, आणि शेवटी तो फटका मारणारा मी स्वतः. म्हणजे त्याची निम्मी तालीम डोळे उघडे ठेवून मनातच होत असे.

येथवर सारे ठीक आहे. पण गोल्फच्या मैदानावर रोज दिसणारी एक मौज अशी, की सरावाचा झोका पाहावा तर मोठा सुंदर, आणि पुढच्याच क्षणी खरा फटका मात्र वेडावाकडा. याचे कारण उघड आहे. सरावाच्या वेळी चेंडू नसतो, म्हणून भीतीही नसते. चेंडू आला की त्याला उचलून मारण्याची घाई होते, खांदे आवळतात आणि डोके वर येते. अशा माणसाने आणखी पाच झोके घेतले तर पाचही सुंदरच होतील आणि सहावा पुन्हा बिघडेल. तेव्हा झोक्यांची संख्या वाढवून काही साधत नाही. मला विचाराल तर एक, फार तर दोन, आणि तेही खऱ्या फटक्याइतक्याच जोराचे. उगाच हवेला वारा घालण्यात अर्थ नाही.

येथे शिक्षक मंडळींनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. सायन बायलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फचा चेंडू खळग्याकडे ढकलण्याचे प्रयोग केले. त्यांपैकी 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही वेळा खेळणाऱ्यांना सावकाश आणि अचूक खेळायला सांगितले, तर काही वेळा झटपट खेळायला. नवशिक्यांचा खेळ घाईने बिघडला, ते अपेक्षितच होते. पण मुरलेल्या खेळाडूंचा खेळ झटपट खेळताना सुधारला! हात एकदा शिकला म्हणजे त्याला वारंवार विचारत बसू नये, असा त्याचा अर्थ. पहिलीतले मूल ‘क’ काढताना प्रत्येक वळणाकडे पाहते, आणि त्याने पाहिलेच पाहिजे. तुम्ही सही करताना तसे पाहू लागलात तर सही बिघडेल.

आता कायद्याचा प्रश्न. हवेतला फटका मोजत का नाहीत? गोल्फच्या नियमांत फटक्याची व्याख्या आहे: चेंडू मारण्याच्या हेतूने काठी पुढे फिरवणे म्हणजे फटका. सगळा भर हेतूवर आहे. हेतू नसेल तर दहा वेळा फिरवा, फटका शून्य. हेतू असेल आणि काठी चेंडूला लागलीच नाही, तरी एक फटका लागला. आता बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते! हेतू खेळाडूच्या पोटात. बहुतेक सामन्यांत प्रत्येकामागे पंच नसतो, तेव्हा हिशोब खेळाडूने स्वतःच द्यायचा असतो. 2012 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत केव्हिन ना हा खेळाडू तीन दिवसांअखेर सर्वांच्या पुढे होता. पण त्याला फटका सुरू करणेच जमेना. काठी हलवायची, थांबायचे, पुन्हा हलवायची. कधी मन तयार नसताना हात सुटलाच, तर तो मुद्दाम चेंडूच्या वरून काठी नेई. हेतू सोडून दिला असल्याने ते फटके धरले गेले नाहीत. प्रेक्षकांनी मात्र त्याची हुर्यो उडवली, आणि चौथ्या दिवशी तो मागे पडला.

आणि सराव करता करता काठी चुकून चेंडूला लागलीच तर? 2019 साली अमेरिकेत ऑगस्टा येथे, 2007 साली तीच स्पर्धा जिंकलेला झॅक जॉन्सन तेराव्या खळग्याच्या आरंभी सरावाचा झोका घेत होता. काठीचे टोक चेंडूला लागले आणि चेंडू बाजूच्या खुणेवर आपटून उडाला. त्याला दंड झाला नाही. आरंभीच्या खुंटीवरचा चेंडू मारण्याच्या हेतूने मारला जाईपर्यंत खेळात धरला जात नाही. तो पुन्हा खुंटीवर ठेवायचा आणि मारायचा. हेच मधल्या गवतात घडले तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. खळग्याभोवतीच्या हिरवळीवर चुकून धक्का लागला तर मात्र दंड नाही. वाळूच्या खड्ड्यात सरावाच्या झोक्याने वाळूला काठी लावली की फटके मोजून चाललेल्या सामन्यात दोन फटक्यांचा दंड होतो. कारण वाळू किती भुसभुशीत आहे हे काठीने चाचपून पाहण्याची परवानगी नाही. झोक्याच्या निमित्ताने आड येणारी फांदी मोडून वाट मोकळी केली तरी दोनाचा दंड.

राहता राहिला वेळ. हिशोब करून पाहा. एक साधारण खेळाडू अठरा खळग्यांना नव्वद फटके घेतो असे धरू. प्रत्येक फटक्यामागे झोक्यांत दहा सेकंद जादा गेले, तर पंधरा मिनिटे झाली. चौघे एकत्र खेळत असले तर एक तास! मागचे लोक उन्हात ताटकळत उभे. म्हणून 2019 सालापासूनच्या नियमांत अशी शिफारस आहे, की आपली पाळी आल्यावर आणि अडथळा नसताना चाळीस सेकंदांच्या आत फटका मारावा. दिरंगाईला दंड मात्र त्याआधीपासून आहे, आणि 2013 साली ऑगस्टाच्याच स्पर्धेत तो ग्वान त्यानलांग नावाच्या चिनी मुलाला भरावा लागला. वय अवघे चौदा. वारा फिरत होता, कोणती काठी घ्यावी याचा तो विचार करीत होता. आधी ताकीद मिळाली आणि सतराव्या खळग्यावर एक फटका वाढला. त्या दिवशी पुढच्या फेरीसाठी जी मर्यादा ठरली, तिच्यावर तो नेमका टेकला. आणखी एक फटका जास्त झाला असता तर तो घरी गेला असता. पोराने कुरकुर न करता निर्णय मानला आणि पुढचे दोन दिवस खेळला.

आपल्याकडे हा खेळ श्रीमंतांचा म्हणूनच ओळखला जातो आणि ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु 1991 साली भारताची खुली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या क्लबात लोकांच्या काठ्या वाहून मोठा झाला. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या क्लबात हिरवळ राखण्याचे काम करीत. तिथेच पाहून पाहून मुलगा शिकला आणि 2016 व 2017 अशी दोन वर्षे त्याने हीच स्पर्धा जिंकली. 

एक सूचना मुलांसाठी. झोका सरावाचा असला तरी काठीचे टोक लोखंडाचे असते आणि ते डोक्याला लागले तर कवटी फुटू शकते. झोका घेणारा चेंडूकडे पाहत असतो, मागे कोण आले हे त्याला दिसत नाही. तेव्हा त्याच्या पाठीमागून जाऊ नये आणि समोर उभे राहू नये. काठीची लांबी आणि हाताची लांबी मिळून जेवढे अंतर होते, त्याच्या दुप्पट दूर, खेळणाऱ्याला दिसेल अशा बाजूला उभे राहावे. आणि खेळणाऱ्याने झोका घेण्याआधी एकदा मागे वळून पाहावे.