सरकार निवडणे आणि देश निवडणे



एखाद्या प्रांतात निवडणूक होते, आणि हा प्रांत देशातून वेगळा व्हावा असे म्हणणारा पक्ष निवडून येतो. मग लोकांनी वेगळे होण्याचा कौल दिला असे समजायचे काय? माझा आजचा विषय एवढाच आहे. तो समजून घेण्यासाठी मी कॅनडातील क्वेबेक प्रांताचे उदाहरण घेतो. तेथील बहुसंख्य लोकांनी हा प्रश्न मतपेटीनेच सोडवायचा असे ठरविले, आणि त्यात त्यांना मिळालेले धडे कोणालाही उपयोगी पडावेत असे आहेत.

क्वेबेक हा क्षेत्रफळाने कॅनडाचा सर्वांत मोठा प्रांत. फ्रेंचांची ही वसाहत १७६३ च्या तहाने इंग्रजांकडे गेली. राज्य बदलले, पण लोक फ्रेंचच बोलत राहिले. आजही तेथे दहांपैकी सुमारे आठ जणांची मातृभाषा फ्रेंच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्याचा मालक आणि वरचा साहेब बहुधा इंग्रजी बोलणारा, आणि खाली घाम गाळणारा फ्रेंच बोलणारा, अशी वाटणी होती. १९४९ साली तेथील अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींत सुमारे पाच हजार कामगारांनी कित्येक महिने संप केला, तेव्हा प्रांताचे फ्रेंच भाषिक सरकारच कंपन्यांच्या पाठीशी उभे राहिले. भाषेचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न तेथे एकात एक गुंतलेले होते, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर पुढचे काहीच उलगडणार नाही.

या असंतोषातून १९६८ साली रने लेवेक यांच्या नेतृत्वाखाली 'पार्ती केबेक्वा', म्हणजे क्वेबेकवासीयांचा पक्ष, स्थापन झाला. प्रांताला सार्वभौम करावे हे त्याचे ध्येय. आपण ज्याला फुटीरपणा म्हणू, त्याला ते लोक सार्वभौमत्व म्हणतात. कोणता शब्द वापरायचा यावरच तेथे अर्धी लढाई चालते.

आरंभी या पक्षाचे म्हणणे सरळ होते: निवडणूक जिंकली की वेगळे होण्याचा अधिकार मिळाला. १९७० साली त्याला २३ टक्के मते मिळाली, पण जागा मिळाल्या १०८ पैकी ७. १९७३ साली मते ३० टक्क्यांवर गेली, आणि जागा ११० पैकी ६ वर आल्या! तेव्हा पक्षाने विचार केला. लोकांना हे सरकार बदलून हवे आहे, पण देश मोडण्याची त्यांना धास्ती वाटते. म्हणून १९७४ साली पक्षाने धोरण बदलले. निवडणुकीत मत द्याल ते फक्त सरकारसाठी, वेगळे होण्याचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे विचारू, असे लोकांना सांगितले. १९७६ साली तोच पक्ष ४१ टक्के मते आणि ११० पैकी ७१ जागा घेऊन सत्तेवर आला.

या सरकारने १९७७ साली दोन मोठे कायदे केले. एकाने फ्रेंच ही कामकाजाची भाषा झाली, म्हणजे मजुराला आपल्या भाषेत काम मागण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्याने संपाच्या काळात बाहेरची माणसे आणून कारखाना चालविण्यास बंदी केली. कामगार चळवळीत ज्याने वर्षे घालविली आहेत त्याला या दुसऱ्या कायद्याचे मोल सांगावे लागत नाही.

मग २० मे १९८० रोजी सार्वमत झाले. सरकारने मागितले होते ते केवळ कॅनडाशी वाटाघाटी करण्याची परवानगी. तरी सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. आणि गंमत अशी की, एक वर्ष पुरे होण्याच्या आत, एप्रिल १९८१ मध्ये, त्याच लोकांनी त्याच पक्षाला ४९ टक्के मते देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. तेथील मतदार गोंधळलेला होता काय? मुळीच नाही. दोन वेगळ्या प्रश्नांना त्याने दोन वेगळी उत्तरे दिली.

हे आपल्याला नवखे वाटू नये. गोव्यात १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला, तेव्हा १,३८,१७० मते विलीनीकरणाला आणि १,७२,१९१ मते वेगळे राहण्याला पडली. त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत गोमंतक पक्षच पुन्हा निवडून आला. विलीनीकरण आणि फुटून निघणे या उलट दिशेच्या गोष्टी खऱ्या, पण मतदाराचे शहाणपण दोन्हीकडे एकच दिसते.

आता क्वेबेकच्या सर्वांत अटीतटीच्या निवडणुकीकडे वळू. १२ सप्टेंबर १९९४. लिबरल पक्ष नऊ वर्षे सत्तेवर होता. राज्यघटनेत क्वेबेकला मानाचे स्थान देण्याचे प्रयत्न १९९० आणि १९९२ साली फसले होते. मतमोजणी झाली. सुमारे ३९ लाख मतांत पार्ती केबेक्वाला ४४.७५ टक्के, लिबरलांना ४४.४० टक्के. अंतर चौदा हजारांहूनही कमी. सेंट जाँ मतदारसंघात तर फेरमोजणीत दोन्ही उमेदवारांना १६,५३६ अशी अगदी समसमान मते निघाली आणि तेथे सहा आठवड्यांनी पुन्हा मतदान घ्यावे लागले. पण जागा पाहा: १२५ पैकी ७७ एकाला, ४७ दुसऱ्याला!

हे कसे घडते? पाटीवरचे गणित करू. तीन वॉर्ड धरा, प्रत्येकी शंभर मतांचे. पहिल्या वॉर्डात 'क' पक्षाला ९० मते, 'ख' ला १०. दुसऱ्या आणि तिसऱ्या वॉर्डात 'ख' ला ५५, 'क' ला ४५. बेरीज करा. 'क' ची मते १८०, 'ख' ची १२०. पण वॉर्ड 'क' ला एक, 'ख' ला दोन. लिबरलांचे इंग्रजी बोलणारे आणि बाहेरून आलेले मतदार माँट्रियलच्या पश्चिम भागात दाटीने राहतात. तेथे मतांचे ढीग पडतात, पण ढिगाला जागा एकच. म्हणूनच १९९८ साली लिबरलांना ४३.५५ टक्के आणि पार्ती केबेक्वाला ४२.८७ टक्के मते मिळूनही सरकार दुसऱ्याचे झाले. हाच काटा २०२२ साली उलटा फिरला. पार्ती केबेक्वाला १४.६ टक्के मते आणि ३ जागा, लिबरलांना १४.४ टक्के आणि २१ जागा. तेव्हा जागांची संख्या म्हणजे लोकमताचे माप नव्हे. ती सरकार बनविण्याची एक पद्धत आहे, त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नये.

१९९४ च्या विजयानंतर पंतप्रधान जाक पारिझो यांनी ३० ऑक्टोबर १९९५ रोजी दुसरे सार्वमत घेतले. मोठ्या कामगार संघटना 'होय'च्या बाजूने उतरल्या. शेकडा ९३ हून अधिक मतदारांनी मत दिले. 'नाही' ५०.५८, 'होय' ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिकाच ८६,००० च्या वर! त्या रात्री पारिझो यांनी पराभवाचे खापर पैसा आणि परवंशीयांची मते यांवर फोडले, आणि दुसऱ्या दिवशी पद सोडण्याचे जाहीर केले. ज्यांना नव्या देशाचे नागरिक करायचे, त्यांच्याच मतांना परके म्हणणे हा त्या चळवळीला लागलेला डाग होता, आणि तिच्यातल्याच अनेकांनी तसे बोलून दाखविले.

आणखी एक प्रश्न होता. प्रांत वेगळा होऊ शकतो, तर प्रांताचा भाग का नाही? उत्तरेकडील क्री आदिवासींनी त्याच महिन्यात आपले स्वतंत्र सार्वमत घेतले आणि ९६ टक्क्यांनी कॅनडा सोडण्यास नकार दिला. 'लोक' म्हणजे कोण, याची रेघ कोठे ओढायची, हे मतपेटी सांगत नाही. ते आधी ठरवावे लागते.

पुढे ऑगस्ट १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. प्रांताला एकतर्फी वेगळे होता येणार नाही. परंतु स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने 'होय' असे उत्तर आले, तर उरलेल्या देशाला वाटाघाटी नाकारता येणार नाहीत. स्पष्ट म्हणजे किती टक्के, हे न्यायालयाने राजकारण्यांवर सोपविले. २००० साली केंद्राने त्यावर कायदा केला, आणि क्वेबेकने आपला निराळा कायदा करून पन्नास टक्क्यांवर एक मत पुरे असे सांगितले. तो वाद मिटलेला नाही.

माझे मत विचाराल तर ते गेटवरच्या अनुभवातून आलेले आहे. युनियनची निवडणूक एका मताने जिंकली तरी अध्यक्ष अध्यक्षच असतो. न पटल्यास पुढच्या वेळी त्याला खाली उतरविता येते. पण संपाचा कौल शंभरात एक्कावन्नांनी दिला, तर शहाणा पुढारी दुसऱ्या दिवशी भोंगा थांबवीत नाही. कारण उरलेल्या एकोणपन्नासांनाही उपाशी राहायचे असते, आणि त्यांच्या मनाविरुद्ध ते फार दिवस राहणार नाहीत. मागे घेता येणाऱ्या गोष्टीला साधे बहुमत पुरते. मागे न घेता येणाऱ्या गोष्टीला हरलेल्यांचीही काही संमती लागते.

आणि कामकऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. ज्या पार्ती केबेक्वाने १९७७ चे कायदे केले, त्याच पक्षाच्या सरकारने मंदीच्या काळात, १९८३ च्या पहिल्या तीन महिन्यांत, आपल्या नोकरांचे पगार सुमारे २० टक्क्यांनी कापले, आणि संपावर गेलेल्या शिक्षकांना कडक कायदा करून कामावर परत धाडले. झेंडा आपला, भाषा आपली, आणि पगाराच्या पाकिटातली कपातही आपल्याच भाषेत लिहिलेली! म्हणून भाषेचा आणि स्वाभिमानाचा लढा खोटा ठरत नाही. तो खराच आहे. पण मत टाकताना माणसाने आपल्याशी विचारावे की, आज आपल्याला कोणता प्रश्न विचारलेला आहे. आणि जो पुढारी एका चिठ्ठीवर दोन उत्तरे घेऊ पाहतो, त्याला, तो कितीही आपला असला तरी, म्हणावे की दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, उत्तर देण्याइतके शहाणपण आमच्यापाशी आहे.