जुना स्पीकर डॉक घेताय? आधी पिना बघा!

जुन्या बाजारात आयपॉड-आयफोनचे स्पीकर डॉक अजून दिसतात. आवाज झकास असतो, पण घेण्यापूर्वी एवढं तपासा:

🔌 कनेक्टर: ॲपलची रुंद ३० पिनांची जोडणी २००३ मध्ये आली. २०१२ च्या आयफोन ५ पासून लाइटनिंग आणि २०२३ च्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी. म्हणजे जुन्या डॉकवर आजचा फोन थेट बसत नाही.

🔋 चार्जिंग: अगदी सुरुवातीचे काही डॉक फायरवायरच्या १२ व्होल्टवर चार्ज करायचे. २००८ च्या आयफोन ३जी पासून ती सोय गेली. अशा डॉकवर गाणं वाजतं, चार्जिंग होत नाही.

🎵 ऑक्स: मागे ३.५ मिमीचं ऑक्स इनपुट असेल तर उत्तम. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ रिसीव्हर लावला की कुठलाही फोन चालतो, अँड्रॉइडसुद्धा. ऑक्स नसेल तर ३० पिनांच्या खाचेत बसणारे रिसीव्हरही मिळतात.

⚡ अ‍ॅडॉप्टर: परदेशातून आलेल्या डॉकच्या अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना? फक्त ११०–१२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. मूळ अ‍ॅडॉप्टर नसेल तर भाव पाडा.

📢 पीएमपीओचे (क्षणिक कमाल ताकदीचे) हजारो वॅट विसरा, आरएमएस (सलग ताकद) बघा. मोठ्या आवाजात तबल्याचा बायाँ ऐका. त्याचा आवाज फाटला, तर डॉक नको.

नवाच घ्यायचा असेल, तर डॉकपेक्षा ऑक्स असलेला ब्लूटूथ स्पीकर घ्या. फोनचं पोर्ट बदललं तरी तो चालत राहतो.

तुमच्याकडे कुठला डॉक अजून वाजतोय? मॉडेलसकट लिहा!