एनआयसीयूतली सिस्टर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की घरी पहिला निरोप जातो तो ‘पेटीत ठेवलंय’ असा. नवजात अतिदक्षता विभागाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज या दोन शब्दांत आहे. बाळाला सांभाळतं ते यंत्र, उपचार ठरवतात ते डॉक्टर. सिस्टर मधल्या वेळात दूध देते, लंगोट बदलते आणि मॉनिटर वाजला तर हाक मारते, असं आपण धरून चालतो. मग नर्सिंगचं शिक्षण पुरं करून नोंदणी झालेल्या परिचारिकेनं या कामासाठी आणखी वर्षभर शिकावं कशाला, हा प्रश्न व्यवस्थापनाला पडतो, नातेवाइकांना पडतो आणि काही वेळा खुद्द परिचारिकांनाही. हे पदव्युत्तर प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग आहे आणि व्हेंटिलेटरच्या खरेदीइतकंच गांभीर्यानं ते घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

त्या पेटीपाशी प्रत्यक्ष काय चालतं ते पाहू. बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम शंभर मिलीलिटर रक्त असतं. तपासणीसाठी एक मिलीलिटर काढलं की शंभरावा हिस्सा गेला. त्याला जेंटामायसिन ६ मिलिग्रॅम लिहून दिलं आणि हाताशी असलेल्या बाटलीत २ मिलीलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असेल, तर सिरिंजमध्ये घ्यायचं औषध भरतं ०.१५ मिलीलिटर. दशांशचिन्ह एक घर चुकलं की डोस दहापट होतो, आणि हे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतं. ऑक्सिजनचंही तसंच. १९४० आणि १९५०च्या दशकांत सढळ हातानं दिलेल्या ऑक्सिजनमुळे हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली, हे वैद्यकाच्या इतिहासातलं दुःखद पान आहे. म्हणून ऑक्सिजनवर असलेल्या अशा बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. मॉनिटरवर ९९ दिसलं की नातेवाइकांना हायसं वाटतं. शिकलेली सिस्टर मात्र ऑक्सिजन कमी करायला पुढे होते. श्वासाला सतत दाबाचा आधार देणाऱ्या बबल सीपॅपच्या बाटलीतले बुडबुडे थांबले तर दाब कुठेतरी गळतोय, पोट गरम आणि तळपाय गार लागले तर बाळाला थंडी बाधू लागली आहे, कालपर्यंत पचणारं दूध आज नळीतून परत येत असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायला हवी. ही लक्षणं अलार्म वाजण्याआधी दिसतात, पण काय बघायचं ते ठाऊक असलेल्यालाच.

‘अनुभवानं हे सगळं येतं’ असं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. अनुभव लागतोच, पण नुसत्या अनुभवातून त्या वॉर्डाच्या सवयी अंगवळणी पडतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगमध्ये मेडिसिनपासून सामुदायिक आरोग्यापर्यंत सगळंच शिकायचं असतं. आजारी नवजात बाळाच्या वाट्याला त्यातला लहानसा भाग येतो. सरकारी रुग्णालयांमधल्या विशेष नवजात काळजी कक्षांतल्या (एसएनसीयू) परिचारिकांसाठी चार दिवसांचं प्रशिक्षण आणि पुढे मोठ्या केंद्रात दोन आठवड्यांचं निरीक्षण अशी सोय आहे. सुरुवातीसाठी ती मोलाची आहे, पण तेवढ्यावर तज्ज्ञता येत नाही. त्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, आणि त्यातला बहुतेक काळ वॉर्डातच जातो. एमएस्सी नर्सिंग त्याहून वरची पदवी असली, तरी तिचा रोख वेगळा आहे. ती घेतलेल्या अनेकजणी अध्यापनाकडे वळतात. पदवी जितकी मोठी तितका बाळापाशी उपयोग जास्त, हाही एक गैरसमजच.

पुरावा काय? ब्रिटनमधल्या ५४ नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अडीच हजारांहून अधिक अतिशय कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं होती. गंभीर बाळांमागे नवजात परिचर्येची विशेष पात्रता असलेल्या परिचारिकांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यू कमी, असं त्यात आढळलं. हे प्रमाण एकास एक झालं, तर मृत्यूची शक्यता जवळपास निम्म्यानं घटते असा अंदाज निघाला. यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे. ज्या विभागात प्रशिक्षित परिचारिका जास्त, तिथे बाकीची व्यवस्थाही चांगली असू शकते. निम्म्याचा आकडा म्हणूनच जसाच्या तसा इथे लावू नये. पण दशांशचिन्ह, ऑक्सिजन, गार पडलेले तळपाय यांतून जीव कसा वाचतो किंवा जातो हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा संबंध योगायोगाचा म्हणून झटकताही येणार नाही.

महाराष्ट्रात याहून वजनदार आक्षेप गडचिरोलीकडे बोट दाखवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या, फारसं शिक्षण नसलेल्या स्त्रियांना तयार करून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. ते निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’नं छापले. मग पदव्युत्तर शिक्षणाचा आग्रह कशासाठी? माझ्या मते गडचिरोलीनं नेमकं उलटं सिद्ध केलं. तिथे यंत्रं नव्हती, डिग्र्या नव्हत्या. होतं ते त्या कामापुरतं नेटकं प्रशिक्षण आणि सतत देखरेख. अशा कामामुळे घरी वाचू शकणारी बाळं घरीच वाचतात. रुग्णालयात उरतात ती त्याहून नाजूक, आणि त्यांच्यासाठी त्या कामापुरतं प्रशिक्षण म्हणजे हे वर्षभराचं. २०२०च्या नमुना नोंदणीनुसार हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू देशात २० आणि महाराष्ट्रात ११ होते. इथून पुढची घट मुख्यतः अशाच बाळांमधून यायची आहे.

शिकलेल्या परिचारिका डॉक्टरांच्या अधिकारात ढवळाढवळ करतील, ही भीती निराधार आहे. ब्रिटनमध्ये नवजात बाळाच्या नेहमीच्या तपासणीत उच्च प्रशिक्षित परिचारिका दोष हुडकण्यात कनिष्ठ डॉक्टरांपेक्षा सरस ठरल्या, आणि तिथे डॉक्टरांचं काही बिघडलं नाही. आई आत आली तर जंतू आणेल, ही समजूतही आता मोडीत निघाली आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक किलो ते १७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण १५.७वरून १२ टक्क्यांवर आलं. पण नळ्या लावलेलं बाळ आईच्या छातीशी सुरक्षित ठेवायला, आणि भेदरलेल्या आईला ते शिकवायला, निष्णात सिस्टर लागते.

राहिला प्रश्न, शिकवलेल्या परदेशी जातात त्याचा. काही जातात, हे खरं. पण प्रशिक्षण वाया जायला परदेशच लागतो असं नाही. नवजात बाळांचं शिकून आलेली अधिपरिचारिका वर्षभरात अपघात विभागात किंवा मेडिसिन वॉर्डात बदलून गेली, तरी परिणाम तोच. तिच्यासाठी वेगळं पद, वेगळा भत्ता आणि तिच्या मर्जीशिवाय वॉर्डबदल नाही, एवढं झाल्याखेरीज कितीही डिप्लोमे वाटले तरी ते बाळापर्यंत पोचणार नाहीत. ही मागणी परिचारिकांच्या संघटनांनी तर करावीच, पण बालरोगतज्ज्ञांनी आणि पालकांनीही करावी. तुमच्या ओळखीतलं एखादं बाळ एनआयसीयूत असेल, तर व्हेंटिलेटर आहे का एवढं विचारून थांबू नका. रात्रपाळीला किती बाळांमागे एक सिस्टर असते आणि त्यांतल्या कितीजणी नवजात परिचर्येत प्रशिक्षित आहेत, हेही विचारा.