नववा खंड

दिवाळीनंतर ग्रंथालयात गेले, तर संदर्भ विभागातलं खिडकीजवळचं कपाट रिकामं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे वीस खंड रद्दीत घातले होते. ‘आता सगळं ऑनलाइन असतं ना, मॅडम,’ असं उत्तर मिळालं. मग ऑनलाइन दाखवा म्हटलं, तर वर्गणी भरलेलीच नाही. कागद गेला आणि पडदाही नाही. घरी येईपर्यंत मला कुणाशी धड बोलता आलं नाही.

या कोशाचा सुरुवातीचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. १८८४ साली पहिला भाग निघाला, १९२८ साली काम पुरं झालं. संपादक जेम्स मरे त्याआधीच, १९१५ साली वारले. मधल्या पुरवण्यांचा काळ मी सोडून देते. माझा काळ १९८९ नंतरचा. त्या वर्षी दुसरी आवृत्ती आली : वीस खंड, २१,७३० पानं. अनुवादावर पोट असलेल्या माणसाने हा संच घ्यायचा विचारही करू नये, म्हणून शनिवार ग्रंथालयाचा. एका शब्दासाठी खंड उतरवायचा आणि शेजारच्या शब्दांत दुपार जायची. पाचवा खंड सुरूच होतो ‘द्वंद्व’ या शब्दाने. शाळेत घोकलेला समास इंग्रजी कोशाच्या कण्यावर! आणि नवव्या खंडात ‘मॉन्गूस’. व्युत्पत्तीत चक्क मराठीचं नाव. आपला मुंगूस! शेजारी अभ्यास करत बसलेल्या अनोळखी मुलाला मी ती ओळ बोट ठेवून दाखवली होती.

१९९२ साली याच आवृत्तीची सीडी निघाली. ती मला चार-पाच वर्षांनी एका स्नेह्यांच्या कचेरीत पाहायला मिळाली. व्युत्पत्तीच्या शोधात ‘मराठी’ टाकलं आणि वीस खंडांत विखुरलेले शब्द एकाखाली एक उभे राहिले. पानं उलटून हे काम जन्मभरात झालं नसतं. छापील तेवढंच खरं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून भांडत आले आहे. मुळात ती दुसरी आवृत्ती घडली संगणकावरच : जुना कोश आणि पुरवण्या टंकलेखकांनी अक्षर न् अक्षर आत भरल्या, तिथेच त्यांची सांधेजोड झाली आणि मग छपाई. २००० साली कोश ऑनलाइन आला, नोंदींची फेरतपासणी सुरू झाली. शब्दाचा जुन्यात जुना दाखला हवा असेल, तर आज तिथेच जावं. छापील संचात कितीतरी नोंदी मरेंच्या काळातल्या जवळजवळ तशाच आहेत.

पण त्या तशाच आहेत, हेही मला मोलाचं वाटतं. सुधारलेली नोंद आली की जुनी मागे पडते. मरेंना काय दिसलं होतं, काय निसटलं, हे ताडून पाहायला कागद हाताशी बरा. सीडी घालायला माझ्या आताच्या संगणकाला खाचच नाही. आणि वर्गणी म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड. पैसे थकले की कुलूप. तिसरी आवृत्ती बहुधा छापली जाणार नाही, असं प्रकाशनाच्या प्रमुखांनी २०१० साली सांगितलं, तेव्हाच ग्रंथालयांनी आपले संच जपायला हवे होते. घरच्या कामाला डिजिटल कोश घ्यावा, मीही तोच वापरते. ग्रंथालयाने मात्र छापील संच हातचा घालवू नये. सगळे खंड मिळून साठ-बासष्ट किलो, एका कपाटात मावणारे. जागेची सबब मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याचा पत्ता काढून गेले. गठ्ठे लगद्याला रवाना झाले होते. नववा आहे का, म्हणून त्याने माझ्यासाठी पोती हलवून पाहिली. मिळाला एकच खंड, तेरावा, पाठ उसवलेला. त्याने तो काट्यावर ठेवला. तीन किलोच्या वर भरला.