औषध मारायचा पंप : चार्जिंगचा घ्यावा की पेट्रोलचा?

मृगाचा पाऊस पडला की आष्टी तालुक्यात उडीद, मूग, बाजरी, तूर, कपाशी यांच्या पेरण्या सुरू होतात. पीक वीतभर वर आले की पाठोपाठ कीड येते. कीड आली की पंप पाहिजे.

पूर्वी हाताचा पंप होता. एका हाताने दांडा हलवायचा, दुसऱ्या हाताने नळी धरायची. संध्याकाळी खांदा भरून यायचा. अजूनही हे पंप आहेत. पण आता दुकानात गेले की दुकानदार विचारतो, "पाहुणे, कोणता देऊ? चार्जिंगचा का पेट्रोलचा?" इथे माणूस अडतो. शेजाऱ्याकडे जो आहे तोच मग आपणही आणतो. शेजाऱ्याचे रान वेगळे, त्याचे पीक वेगळे, हे ध्यानात येत नाही.

म्हणून दोन्ही पंपांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

चार्जिंगच्या पंपात खाली एक बॅटरी असते. ती घरच्या विजेवर भरायची. बॅटरीवर एक लहान मोटर चालते. ती मोटर पाणी ढकलते. आवाज नाही, धूर नाही. टाकीत साधारण १६ ते २० लिटर पाणी मावते. रिकामा पंप पाच-सहा किलोचा असतो.

पेट्रोलच्या पंपावर एक लहान इंजिन असते. दोरी ओढली की ते सुरू होते. या पंपाच्या पुन्हा दोन जाती आहेत. एका जातीत इंजिन फक्त पाण्याला जोर देते. दुसऱ्या जातीत इंजिनावर पंखा असतो. पंखा जोराचा वारा सोडतो आणि त्या वाऱ्यावर औषधाचे धुके उडते. ही दुसरी जात म्हणजे नुसते वाऱ्याचे यंत्रच समजा. टाकीत पाणी न भरता चालवले तर समोरचा पालापाचोळा उडून जातो. अमेरिकेत लोक अशीच यंत्रे पाठीला लावून अंगणातला पाला झाडतात. त्यांच्या धुराला आणि आवाजाला तिकडचे लोक इतके कंटाळले, की कॅलिफोर्निया नावाच्या राज्याने नव्याने बनलेली अशी लहान पेट्रोल यंत्रे विकायला २०२४ सालापासून बंदी केली. यातल्या पुष्कळ लहान इंजिनांत पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. तो पैसा वाया जातो, आणि तो धूर यंत्र वागवणाऱ्याच्या नाकात जातो.

आता ओझ्याचा विचार करा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. चार्जिंगचा १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर बावीस किलो येतात. पेट्रोलचा पंप रिकामाच नऊ-दहा किलोचा, वर २० लिटर पाणी. म्हणजे तीस किलो झाले. शिवाय इंजिन पाठीशी तापते आणि थरथरते. तासाभराने हात बधिर होतो. बांधावरून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

मग पेट्रोलचा पंप लोक घेतात कशाला? कारण तो झटपट काम उरकतो, आणि त्याचा फवारा लांब जातो. डाळिंब, लिंबू, आंबा अशी उंच झाडे असतील तर चार्जिंगचा पंप शेंड्यापर्यंत नीट पोचत नाही. तिथे पेट्रोलचाच चालतो. हे आम्ही कबूल करतो. दहा-पंधरा एकरांचा धनी असेल, मजूर लावून दोन दिवसांत फवारणी संपवायची असेल, तर त्यालाही तो परवडेल. पण आपल्याकडे बहुतेकांचे रान दोन ते पाच एकर. उडीद गुडघ्याएवढा, कांदा त्याहून ठेंगणा. त्याला वादळ कशाला हवे? तूर डोक्याएवढी वाढते खरी. तिच्यासाठी चार्जिंगच्या पंपाला लांब दांडी लावली की भागते.

पैशाचा हिशेब करू. चार एकर रान आहे आणि हंगामात चार फवारण्या आहेत, असे धरू. म्हणजे सोळा एकरांचे काम झाले. पेट्रोलच्या पंपाला एकरी पाऊण लिटर पेट्रोल धरले तर बारा लिटर लागते. लिटरला शंभर रुपयांच्या वर मोजावे लागतात. बाराशेच्या पुढे गेले. इंजिनला तेल पाजायचे ते वेगळे. चार्जिंगच्या पंपाची बॅटरी १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तासांची असेल, तर ती एकदा पूर्ण भरायला युनिटचा दहावा भाग, फार तर सातवा भाग वीज लागते. सोळा वेळा भरली तरी अडीच युनिटांच्या आत. त्याचे किती रुपये होतात ते आपल्या वीजबिलावरचा दर पाहून तुम्हीच काढा. मात्र ही बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. त्याला हजाराच्या आसपास खर्च येतो, तो विसरू नका. खरेदीतही पेट्रोलचा पंप चार्जिंगच्या पंपाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो.

कोणी म्हणेल, "आमच्याकडं लाईटच नसती, चार्जिंग कुठून करू?" शेतातली विहिरीची लाईट पाळीने येते, हे खरे. पण या पंपाला ती लागत नाही. घरातल्या बल्बला जी लाईट असते तिच्यावर तो भरतो. रात्री लावला की सकाळी तयार.

पण इथेच चार्जिंगच्या पंपाची एक खोड आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. चार्जिंगसाठी हा पंप घरात येतो. पेट्रोलचा पंप गोठ्यात पडून राहतो. हा मात्र औषधाने माखलेला, पिठाच्या डब्याशेजारी नाहीतर पोरांच्या अंथरुणाशेजारी भिंतीला लागतो. असे कदापि करू नका. पंप रानातच तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. ते पाणी विहिरीत, ओढ्यात जाऊ देऊ नका. मगच पंप घरी आणा, आणि ओसरीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी चार्जिंगला लावा. ओल्या हाताने पिनेला हात लावू नका.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. लोकांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवली होती. तोंडावर फडके नव्हते, हातात मोजे नव्हते. आणि असेही सांगितले गेले की नव्या जोरदार पंपांतून फार बारीक तुषार निघत होते. बारीक तुषार म्हणजे धुकेच. ते पानावर बसायच्या आधी हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. पंपाचा जोर जितका जास्त, तितके धुके बारीक. म्हणून जोर जास्त तो पंप चांगला, हे आम्हाला पटत नाही.

याच्याशी औषधाच्या मापाचा संबंध आहे. औषधाचे माप टाकीवर नसते, एकरावर असते. समजा, एका औषधाचे माप एकरी २०० मिली आहे. चार्जिंगच्या पंपाने एकराला २०० लिटर पाणी लागले, तर लिटरला १ मिली औषध पडले. १६ लिटरच्या टाकीत १६ मिली. तेच रान पंख्याच्या पंपाने सुमारे ७० लिटर पाण्यात होते. मग लिटरला जवळजवळ ३ मिली पडले. म्हणून पॉवर पंपाला औषध तिप्पट घाला, असे सांगतात. ते पंख्याच्या पंपापुरते बरोबर आहे. घोटाळा असा होतो की काही लोक चार्जिंगच्या पंपालाही पॉवर पंप म्हणतात, आणि त्यातही तिप्पट औषध ओततात. मग एकरावर तिप्पट विष पडते. पैसा जातो, पीक करपते, आणि मारणाराही आजारी पडतो. उलट, पंख्याच्या पंपातून निघते ते धुके मुळातच तिप्पट दाट, हेही लक्षात घ्या.

डब्यावर एक चौकोन उभा असतो. त्याच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डब्याबरोबर घडीचा कागद मिळतो, त्यात मराठीतही लिहिलेले असते. तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा एकरी माप किती ते स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. घरच्या बाईला पाणी आणायला सांगता, ती उघड्या हाताने औषध ढवळते. तिलाही हातमोजे द्या, आणि ढवळायला काठी द्या. वारा पाठीवर घेऊन चाला. डोके दुखू लागले, मळमळ झाली, घाम आणि लाळ सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम तिथेच थांबवा. कपडे बदला, अंग धुवा, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन आष्टीचे ग्रामीण रुग्णालय गाठा. १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते.

पंप विकत घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक चक्कर मारा. २०२४ साली कापूस आणि सोयाबीन करणाऱ्यांकडून राज्य शासनाने महाडीबीटीवर अर्ज मागवले होते, आणि बॅटरीचे पंप पूर्ण अनुदानावर देऊ केले होते. योजना वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षी काय आहे ते विचारावे. चार-दोन झाडांसाठी पेट्रोलचा पंप विकत घेऊ नका. तो भाड्याने आणा, नाहीतर भावकीत मिळून एक ठेवा.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्या तालुक्यातली पुष्कळ घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पंप चार-पाच महिने कुलपात राहतो. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर ती मरते, आणि परत आल्यावर लोक पंपाला शिव्या देतात. जाण्याआधी बॅटरी पूर्ण भरा आणि पंपाचे बटण बंद करा. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला महिन्यातून एकदा ती चार्जिंगला लावायला सांगा. पेट्रोलचा पंप असेल तर टाकीतले पेट्रोल काढून घ्या, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर उरलेले पेट्रोल आत चिकट होऊन बसते, आणि मृगात दोरी ओढून ओढून हात दुखतो. परत आलात की दोन्ही पंपांत पहिल्यांदा नुसते साधे पाणी भरा. नळी, झाकण, पट्टा कुठे गळतो का ते औषध घालण्याआधीच बघून घ्या.